एकाच मेंढीचं कातडं

मेंढी आमच्याच कळपातली. तीनदा व्यालेली,
डाव्या मांडीवर काळा डाग.
हिवाळ्याआधी कापली, नऊ दिवस चुन्याच्या निवळीत ठेवली,
मग चौकटीवर ताणली, कडांना खडे बांधून,
आणि गॉस्लँनं चंद्रकोरी सुरीनं खरवडली
पलीकडचा उजेड दिसेस्तोवर.

चांगल्या कातड्याला दोन गिऱ्हाइकं आली.
बिशपचा कारकून खेचरावरून,
बोटांना मेणबत्तीचा वास.
राजाचा कारकून पायी, चिखल तुडवत,
नवखा पोरगा, पिशवीत मोजपट्टी.
दोघांना दर एकच सांगितला.
गॉस्लँनं मधोमध रेघ ओढली, कापलं.
मेलेलं मेंढरू सुरीला भीत नाही.

राजाच्या अर्ध्यावर होतं म्हणे
गिरणी कुणाची, पुलावरची जकात कुणाची,
दशांशाच्या कोठारातली किती पोती
आता गढीकडे वळायची.
बिशपच्या अर्ध्यावर:
राजा वाकत नाही तोवर घंटा मुक्या,
लग्नं बंद,
मेलेल्यांना पवित्र माती नाही.

मला अक्षर येत नाही.
चौकात वाचून दाखवत होते तेव्हा
मी डाग शोधत होते.
बिशपच्या वाट्याला गेला होता,
खालच्या कोपऱ्यात, मुद्रेच्या दोरीजवळ.

घंटा थांबल्या तेव्हा कळलं
पाव भट्टीतून कधी काढायचा तेही त्याच सांगत होत्या.
आमोरीचे पाव तीन दिवस करपले.
घंटावाला इव्होन पायरीवर बसून
त्याच त्या दोराला पीळ देत राहिला.
पुढच्या वसंतात घंटेच्या पोटात
डोमकावळ्यांनी घरटं केलं.

आमची आल्वीस चाळीस दिवसांच्या उपासात गेली. तापानं.
फादर ओदो दाराआडून म्हणाला,
वर विचारावं लागेल.
वर म्हणजे आकाशात नव्हे.
गढीवर गेले. तिथला कारभारी म्हणाला,
दफनाचं आमच्याकडे नाही, बाई,
पण राजाच्या रानात पुरलीत तर फाळा पडेल.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात.
आमच्याकडे तो
सकाळपासून रात्रीपर्यंत ओट्यावर निजून होता,
पायात लोकरी मोजे.

चुन्याच्या खड्ड्यांमागे, हेझलच्या झुडपाखाली.
गॉस्लँला येत होती तेवढी लॅटिन तो म्हणाला,
अर्धी चुकीची.
मी मध्येच त्याला थांबवलं,
कारण पुढची ओळ लग्नातली होती.

चौथ्या वर्षी दोघांचं जुळलं.
कुठल्याशा तंबूत राजानं बिशपच्या अंगठीला ओठ लावले
आणि कोठाराची किल्ली आपल्याकडेच ठेवली.
घंटा वाजल्या. डोमकावळे काळा धूर उठावा तसे उठले,
पिल्लं खाली पडली.
लोक रस्त्यात गुडघ्यांवर बसून रडत होते.
मी पिल्लं गोळा केली. एक जगलं.

त्यानंतर कातडं परत आलं,
ढिगात, जुन्या रद्दीबरोबर.
राजाला हिशेबाला चर्मपत्रं कमी पडत होती,
मोडलेल्या शापांचं बिशपला काही काम नव्हतं.
गॉस्लँ तोवर नव्हता. सुरी माझ्या हातात.
डाग लगेच ओळखला.

दुधात भिजवलं, ओटचा कोंडा चोळला,
मग प्युमिसचा दगड.
घंटा निघाल्या. लग्नं निघाली.
माती कुठे लिहिली होती मला ठाऊक नव्हतं,
म्हणून सगळीकडे सारखंच घासलं.
तरी खिडकीशी तिरकं धरलं की
तपकिरी ओळी दिसतात,
ओल्या वाळूत पक्षी चालून गेल्यासारख्या.

आता यावर चुली मोजणार आहेत, दर चुलीमागे कर.
आमची चूल एक. माणूस एक.

फादर ओदो येऊन गेला,
दोन नाण्यांत जागा पवित्र करून देतो म्हणाला.
म्हटलं, हेझलला यंदा खूप फळ धरलंय,
मुळं हलवू नका.

डागाचा कोपरा मी कापून ठेवला.
कातडं घेताना राजाच्या कारकुनानं,
तोच तो, आता जाडजूड,
मोजपट्टी लावली. चौकोन पूर्ण का नाही, म्हणाला.
म्हटलं, मेंढीच तेवढी होती.